भाची अमेरिकेत, जावई म्हणतो "तुझा व्हिसा रद्द करतो" : कायद्यानं मार्ग काय आहेत?

सातरस्ता (सोलापूर), सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. घरचं दुखणं चारचौघांत मांडायला जीव होत नव्हता. पण इथं अमेरिकेत राहणारेही आहेत आणि कोर्टाची पायरी चढलेलेही, म्हणून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

माझी सख्खी भाची लग्नानंतर टेक्सासला गेली. जावई एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर, ती एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, म्हणजे सगळं त्याच्या नोकरीवर अवलंबून. लहान मुलगी आहे, तिकडंच जन्मलेली. भाची इथं इंजिनिअरिंग शिकलेली, पुण्यात चांगली नोकरी करत होती, ती सोडून गेली. टोचून बोलणं पहिल्यापासून होतं. आता तो हात उचलायला लागलाय. पासपोर्ट त्यानं कुलपात ठेवलाय, घरखर्चाला पैसे मोजून देतो. काही बोललं की एकच धमकी: "एक फोन करतो, तुझा व्हिसा रद्द. पोरगी इथंच राहील, तू जा सोलापूरला."

ताई-दाजींचं म्हणणं, उद्याच्या उद्या तिकीट काढा आणि दोघींना घेऊन या. नात्यातले काही म्हणतात, जमवून घे, पोर लहान आहे. भाची रोज रात्री फोनवर रडायलीय आणि आम्ही इथं हात बांधून बसलोय. एक एजंट भेटला, तो म्हणतो "असायलम (आश्रयाचा अर्ज) टाकू, दोन लाखात काम होतं." मला खरं काय ते कळायला हवंय. नवऱ्याशिवाय तिला तिथं राहायचा, काम करायचा स्वतःचा काही हक्क आहे का?

पल्याडची (न्यू जर्सी), सोमवार, रात्री ११:३५

काका, सगळ्यात आधी एकच: तिकीट काढू नका. निदान ती तिथल्या वकिलाशी बोलेपर्यंत तरी नाही. तिनं कधीच परत येऊ नये असं माझं म्हणणं नाही. यायचं तर ठरवून यावं, पळून येऊ नये. मी इथं आपल्याकडच्या बायकांसाठी चालणाऱ्या मदत फोनवर बरीच वर्षं स्वयंसेवक आहे. वकील नाही. पण आई-बापांनी मायेपोटी घाईनं काढलेल्या तिकिटामुळे बंद झालेले रस्ते मी पुष्कळ पाहिलेत.

धमकीबद्दल. नवऱ्याला बायकोचा व्हिसा रद्द करायचा अधिकार नाही. एच-फोर दोन गोष्टींवर टिकतं: लग्न आणि त्याचं एच-वन बी. ती वेगळी राहायला लागली म्हणून ते संपत नाही. घटस्फोटाचा अंतिम निकाल लागला की संपतं, किंवा त्याचंच स्टेटस (इथं कायदेशीर राहायची परवानगी) गेलं की संपतं. मुदतवाढीचा अर्ज, आय-५३९, तिच्या सहीनं जातो. त्यात नवऱ्याचे कागद जोडावे लागतात आणि तो अडवतो तो तिथं. म्हणून त्याच्या आणि तिच्या मंजुरीच्या नोटिसा (आय-७९७), आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद), पगाराच्या स्लिपा, टॅक्सचे कागद, लग्नाचा दाखला, पासपोर्टची पानं, जे हाती लागेल त्याचे फोटो काढून तुम्हाला पाठवू दे. मात्र तिचा फोन आणि ईमेल तो बघतो का, हे आधी विचारा. बहुतेक घरांत पासवर्ड नवऱ्याकडे असतो. मैत्रिणीच्या फोनवरून, नवीन ईमेलवरून करू दे.

आता मुख्य प्रश्न. कुठला मार्ग उघडा आहे हे नवऱ्याच्या कागदावर ठरतं. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल तर १९९४ च्या कायद्यानं, ज्याला इथं सगळे "वावा" (व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन ॲक्ट) म्हणतात, बायको स्वतःचा अर्ज स्वतः करू शकते. फॉर्म आय-३६०, फी नाही. नवऱ्याची सही लागत नाही आणि त्याला कळवतही नाहीत. इमिग्रेशन खात्यानं अशा अर्जाची माहिती त्याला द्यायची नाही, आणि केवळ त्यानं पुरवलेल्या माहितीवर तिच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा नाही, अशी कायद्यातच तरतूद आहे. लग्न खरं होतं, दोघं एकत्र राहिले, मारहाण किंवा टोकाचा छळ झाला आणि तिची वर्तणूक चांगली आहे, एवढं दाखवावं लागतं. छळ म्हणजे फक्त वळ नव्हेत. पासपोर्ट लपवणं, पैशावाचून ठेवणं, हाकलून द्यायची धमकी, हे सगळं त्यात मांडता येतं. घटस्फोट झाला असेल आणि तो छळाशी जोडलेला असेल, तर निकालापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. नाव "विमेन" असलं तरी पुरुषांनाही तो लागू आहे.

पण तुमचा जावई एच-वन बीवर आहे. म्हणून वावाचा हा अर्ज तिला आज करता येणार नाही. आपल्याकडच्या मुली इथंच अडकतात. नवऱ्याची ग्रीनकार्डची रांग इतकी लांब की तो वर्षानुवर्षं एच-वन बीवरच असतो, आणि तोवर वावाचं दार तिला बंद. त्याला ग्रीनकार्ड मिळालं, त्या वेळी लग्न टिकून असलं, तर चित्र बदलतं.

तिच्यासाठी दोन गोष्टी आहेत. पहिली, काम करायची परवानगी. एच व्हिसावाल्याच्या छळलेल्या जोडीदारासाठी वेगळा फॉर्म आहे, आय-७६५व्ही. नवऱ्याची सही नको. मंजूर झाला की दोन वर्षांचं वर्क परमिट मिळतं. पण नीट लक्षात घ्या, त्यानं स्टेटस मिळत नाही, फक्त काम करता येतं. आणि अर्ज करताना ती अमेरिकेत असावी लागते. तिकीट काढू नका म्हणाले त्याचं हे एक कारण.

दुसरी, यू व्हिसा. २००० च्या कायद्यानं आलेला. यात नवऱ्याचं स्टेटस काय, तिचं काय, याला महत्त्व नाही. अमेरिकेत ठरावीक गुन्ह्यांपैकी एखाद्याची ती बळी असावी (घरगुती हिंसा त्या यादीत आहे), त्यातून तिला बरीच शारीरिक किंवा मानसिक इजा झालेली असावी आणि तिनं पोलिसांना, सरकारी वकिलांना मदत केलेली असावी. पोलीस किंवा सरकारी वकील एका प्रमाणपत्रावर सही करतात, आणि ती सही झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत यू व्हिसाचा अर्ज, आय-९१८, दाखल व्हावा लागतो. नवऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे अशी अट नाही. व्हिसा मिळाल्यावर तीन वर्षं सलग राहिली की ग्रीनकार्डचा अर्ज करता येतो. अडचण मोठी आहे: वर्षाला फक्त १०,००० यू व्हिसा, आणि रांग वर्षानुवर्षांची. २०२१ पासून प्राथमिक छाननीत अर्ज खरा वाटला तर रांगेत असतानाच वर्क परमिट आणि हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देतात. तोच आधार.

यासाठी पोलिसांत नोंद असणं फार महत्त्वाचं. ९११ ला फोन केला की दुभाषा मागता येतो. जिवाला धोका असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तोच फोन. घरगुती हिंसेची राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, दिवसरात्र सुरू, तिथंही दुभाषा मिळतो. टेक्सासमध्ये ह्यूस्टनला "दया" ही आपल्याच लोकांनी उभी केलेली संस्था आहे. न्यू जर्सीत "मानवी", न्यूयॉर्कला "सखी", सॅन फ्रान्सिस्कोकडे "मैत्री", अटलांटात "रक्षा". शहर लांब असलं तरी फोन करा, जवळचं ठिकाण सांगतात.

सातरस्ता (सोलापूर), मंगळवार, सकाळी ७:०५

तुमचे उपकार कसे फेडू. ताईला रात्रीच वाचून दाखवलं. "व्हिसा रद्द करायचा अधिकार त्याला नाही" हे ऐकून ताई पहिल्यांदा शांत झाली.

दोन शंका. जावयाचं आय-१४० (ग्रीनकार्डसाठी कंपनीनं केलेला अर्ज) मंजूर आहे असं ऐकलंय, त्याचा काही उपयोग? आणि तो गेल्या आठवड्यात अचानक गोड बोलायला लागलाय, म्हणतो जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला जाऊ, सगळे मिळून.

पल्याडची (न्यू जर्सी), मंगळवार, सकाळी ७:५०

आय-१४० मंजूर असेल तर २०१५ च्या नियमानं एच-फोरवर साधं वर्क परमिटही मागता येतं, पण त्याला नवऱ्याचे कागद लागतात. मिळत असतील तर उत्तम, नाही तर आय-७६५व्ही.

गड्ड्याचं मात्र मला अजिबात बरं वाटत नाही. सुट्टीला म्हणून बायकोला भारतात न्यायचं, माहेरी सोडायचं, पासपोर्ट घेऊन एकट्यानं परत यायचं आणि इथं घटस्फोट टाकायचा, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की आम्ही फोनवर हा प्रश्न स्वतःहून विचारतो. तिला सांगा, कुठलाही प्रवास ठरवण्याआधी वकील. आज तिचं स्टेटस चालू आहे, त्यामुळे बाहेर पडली म्हणून तिच्यावर बंदी येणार नाही. पण पुन्हा शिरायला व्हिसाचा शिक्का लागला तर तो नवऱ्याच्या कागदांवरच मिळतो.

उलट, स्टेटस संपल्यावर थांबून राहिलेल्या बाईचं गणित वेगळं. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं, एक वर्ष किंवा जास्त राहून बाहेर पडलं तर दहा वर्षं परत येता येत नाही. ही बंदी बाहेर पडल्यावर लागू होते. काही पीडितांना त्यातून सूट आहे, पण ती आपोआप मिळत नाही.

संसारी (बार्शी), मंगळवार, सकाळी ९:२०

माफ करा, पण इथं सगळे संसार मोडायचेच मार्ग सांगायलेत. नवरा-बायकोत भांडणं होतात. पोलीस, केस केली की त्याची नोकरी जाईल आणि तीपण रस्त्यावर येईल. चार मोठी माणसं बसवून समजूत काढा.

शेंगाचटणी (शिकागो), मंगळवार, सकाळी ११:१५

संसारीदादा, माझ्यासाठी चार मोठी माणसं दोनदा बसली होती. एकदा बाळ्यात आमच्या ओसरीवर, एकदा व्हिडिओवर. प्रत्येक बैठकीनंतर त्याला एवढंच कळलं की हिच्या मागं कुणी उभं राहणार नाही. पोलिसांमुळे नोकरी जाईल ही भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. एच-फोरवरच्या मुलीला ती दुप्पट असते. पण म्हणूनच आधी वकील, मग पाऊल. काही न करणं हा काही सुरक्षित पर्याय नाही.

माझं प्रकरण वेगळं होतं, ते मुद्दाम सांगते, कारण वाचणाऱ्या कुणाच्या घरी असं असेल. नवरा अमेरिकन नागरिक. लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत मला ग्रीनकार्ड मिळालं, म्हणून ते सशर्त, दोन वर्षांचं होतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे ती अट काढायचा फॉर्म, भरायचा असतो. तो म्हणाला, सही करणार नाही, कार्ड संपलं की जाशील. मला वाटलं सगळं संपलं. पण छळ झाला असेल किंवा घटस्फोट झाला असेल तर एकटीनं तोच फॉर्म भरता येतो, सहीची अट माफ करून घेता येते. त्या ९० दिवसांची वाटही बघावी लागत नाही. माझं त्यावरच झालं.

आता जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं ते. या सगळ्या अर्जांचा कणा म्हणजे तुमचं स्वतःचं निवेदन आणि पुरावे. वावाच्या अर्जात "विश्वासार्ह असा कोणताही पुरावा" चालतो, वैद्यकीय दाखला असलाच पाहिजे असं नाही. आणि त्यातला बराच पुरावा सोलापुरातच असतो. लग्नाचे फोटो, पत्रिका, हॉलची पावती, दोघांचे एकत्र खात्याचे कागद, कारण लग्न खरं होतं हेही दाखवायचं असतं. आईला पाठवलेले मेसेज. भावाला केलेले मध्यरात्रीचे कॉल.

माझ्या आईनं फुलस्केपवर मराठीत चार पानं लिहून दिली. कुणी सांगितलं नव्हतं, तिच्या मनानं. "पाडव्याला ओवाळणीचं विचारायला फोन केला. मागून भांडी आपटल्याचा आवाज आला. ही म्हणाली काही नाही, मांजर आलं. त्यांच्याकडं मांजर नाही." प्रत्येक गोष्टीला सण, वार, वेळ. माझ्या वकीलबाई म्हणाल्या, "तो फार वाईट वागायचा" अशी दहा पत्रं येण्यापेक्षा हे एक बरं, कारण यात कुणाचं मत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं आहे. तेव्हा सातरस्ता काका, तुमच्या ताईंना आजच वही घेऊन बसवा. आठवतं तेवढंच लिहायचं, तारीख आठवत नसेल तर "गौरी-गणपतीच्या आसपास" असं लिहायचं, अंदाजानं तारीख टाकायची नाही. तिच्या निवेदनात एक तारीख आणि आईच्यात दुसरी आली तर दोन्ही कच्ची पडतात.

काळा_कोट (सोलापूर), मंगळवार, दुपारी ४:४०

कोर्टातून आत्ता आलो. मी इथं कौटुंबिक न्यायालयात प्रॅक्टिस करतो. अमेरिकन इमिग्रेशनवर बोलायचा मला अधिकार नाही, पण भारताच्या बाजूचं सांगतो.

एक, तिला कशावरही सही करू देऊ नका. "संमतीनं करू, पटकन होईल" म्हणून पाठवलेला घटस्फोटाचा मसुदा म्हणजे तिच्या एच-फोरची शेवटची तारीख ठरवणारा कागद. पोटगी, मुलीचा ताबा, तिचं स्टेटस, तिन्हीचा विचार एकत्र व्हायला हवा.

दोन, तिकडच्या कोर्टाची नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वाय. नरसिंहराव खटल्यात स्पष्ट केलं की हिंदू विवाह कायद्यानं झालेलं लग्न परदेशी कोर्टानं आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर मोडलं आणि पत्नीनं त्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य केलेलं नसेल, तर तो निकाल भारतात चालत नाही. म्हणजे इथं ती पत्नी राहते. पण अमेरिकेचं इमिग्रेशन खातं तिकडचा निकाल बघणार. इथं विवाहित आणि तिथं घटस्फोटित, अशा कात्रीत पोरी सापडतात.

तीन, इथं गुन्हा दाखल करायचा का. भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ (पत्नीचा छळ) आहे, २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, तो तिचा हक्क आहे आणि कुणी नाही म्हणू शकत नाही. पण रागाच्या भरात सासरच्या सात जणांची नावं घालून फिर्याद देऊ नका. इथल्या फिर्यादीत आणि तिकडच्या निवेदनात फरक निघाला तर नुकसान तिचंच. आधी तिकडचा वकील आणि इथला वकील यांचं एकमेकांशी बोलणं होऊ द्या.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्या आवारातच आहे. १९८७ च्या कायद्यानं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अनिवासी नवऱ्यांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात वेगळा कक्ष आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या "मदद" पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. परदेशात टाकून दिलेल्या भारतीय बायकांना वकिलाच्या खर्चासाठी दूतावासामार्फत मदत करायची तरतूद आहे, ह्यूस्टनच्या वाणिज्य दूतावासात तिनं विचारावं. पासपोर्ट हा भारत सरकारची मालमत्ता असतो, नवऱ्याची नाही. तो देत नसेल तर पोलिसांत तसं नोंदवून दूतावासाकडे नवीन मागता येतो.

विणकर (पूर्व भाग, सोलापूर), मंगळवार, रात्री ९:१०

त्या असायलमवाल्या एजंटबद्दल बोलतो, कारण आमच्या पेठेत हे फार चाललंय. असायलम कुणाला? मायदेशी वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट सामाजिक गटामुळे छळ होईल अशी खरी भीती असेल त्याला. अमेरिकेत पोचल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो, काही अपवाद सोडून. ज्याच्यावर खरंच तशी वेळ आलीय त्यानं जरूर करावा. पण रचलेली गोष्ट सांगून अर्ज केला आणि तो जाणूनबुजून खोटा ठरवला गेला, तर पुढं कायमचे सगळे मार्ग बंद होतात. एजंट दोन लाख घेऊन मोकळा, शिक्का भाचीच्या नावावर. अमेरिकेत इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा अधिकार दोघांनाच: परवानाधारक वकील, किंवा मान्यताप्राप्त संस्थेत काम करणारा, न्याय खात्यानं मान्यता दिलेला प्रतिनिधी. अशोक चौकात बसणारा एजंट दोन्हींत बसत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं, त्यात महाराष्ट्रातलेही तिघं होते. हातकड्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. शेती विकून, व्याजानं पैसे काढून गेलेली माणसं त्यात होती. त्यांना चुकीचं सांगणारा एकही जण त्या विमानात नव्हता.

आणखी एक, टी व्हिसा. माणसाला फसवून, धाक दाखवून कामाला जुंपलं असेल त्याच्यासाठी. वर्षाला ५,००० ची मर्यादा, फी नाही. आमच्यातले लोक वेल्डिंग-फिटिंगला आखातात जातात, म्हणून हा इतिहास माहीत असावा. कतरिना वादळानंतर सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीत सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर नेले. ग्रीनकार्ड मिळेल म्हणून प्रत्येकाकडून लाखो रुपये घेतले होते, प्रत्यक्षात तात्पुरता व्हिसा आणि कंपनीच्या आवारातल्या खोल्यांत दाटीवाटीनं राहणं. त्यांनी दाद मागितली, २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीनं पाच जणांना मिळून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. त्यांच्यातल्या अनेकांना टी व्हिसाही मिळाला. घरकामाला, मुलं सांभाळायला म्हणून नेलेल्या बायकांना हाच मार्ग आहे: पगार दडपला, पासपोर्ट काढून घेतला, बाहेर जाऊ दिलं नाही, तर तो "घरगुती मामला" नसतो, गुन्हा असतो.

होटगी_रोड (सोलापूर), बुधवार, सकाळी ८:००

थोडं वेगळं विचारते. आमच्या शेजारच्या काकू मुलाकडे गेल्या नातवंडं सांभाळायला. मुलगा तिकडचा नागरिक. काका गेल्यापासून त्या तिथंच आहेत, आणि सून-मुलगा दोघंही त्यांच्याशी फार वाईट वागतात. खोलीत कोंडतात, औषधं देत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला काही मार्ग असतो का?

पल्याडची (न्यू जर्सी), बुधवार, सकाळी ८:३५

असतो, आणि हे कुणालाच माहीत नसतं. वावा फक्त नवरा-बायकोपुरता नाही. २१ वर्षांवरचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकन नागरिक असेल, आई-बाप त्यांच्याबरोबर राहिले असतील आणि त्यानं छळ केला असेल, तर आई-बापांनाही स्वतःचा आय-३६० करता येतो. मुलगा नुसता ग्रीनकार्डवर असेल तर नाही. काकूंना एकटं गाठून बोला. फोन नेहमी सुनेच्या स्पीकरवर असेल तर देवळात, डॉक्टरकडे, जिथं एकट्या असतील तिथं.

आई-बापांपैकी एकानं किंवा दोघांनी टाकलेल्या, छळलेल्या मुलांसाठीही सोय आहे. २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलासाठी राज्याचं बाल न्यायालय आदेश देऊ शकतं की त्या आई किंवा बापाकडे परत जाणं शक्य नाही आणि मायदेशी पाठवणं मुलाच्या हिताचं नाही. त्यावरून मुलाला स्वतःचा अर्ज करता येतो. वय महत्त्वाचं, थांबून चालत नाही. यातून ग्रीनकार्ड मिळालेल्या मुलाला पुढं आई-बापांना मात्र बोलावता येत नाही, छळ न करणाऱ्यालाही नाही.

गड्डा_मैदान (सोलापूर), बुधवार, दुपारी १:२५

कागदांचं मी सांगतो, बहिणीच्या वेळी सगळं पायी फिरून केलंय. लग्न नोंदवलेलं नसेल तर आधी महापालिकेत विवाह नोंदणी बघा, नुसती पत्रिका आणि फोटो कमी पडतात. जन्मदाखल्यावर नाव नसलेली पिढी आपली. नाव घालून घ्या. नोंदच सापडत नसेल तर "नोंद उपलब्ध नाही" असा दाखला, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं.

मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर लागतं, पण त्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. दोन्ही भाषा नीट येणारा कुणीही करू शकतो. शेवटी त्यानं लिहून सही करायची की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे. नाव, पत्ता, तारीख. अर्जदारानं स्वतः करू नये, सख्ख्यांनीही टाळावं. आमचं एका निवृत्त हायस्कूल शिक्षकांनी केलं, एक पैसा घेतला नाही. मेसेजचंही तसंच. स्क्रीनशॉटवर तारीख आणि नंबर दिसायला हवा, आणि शिवी असेल तर शिवीच लिहायची, सौम्य करायची नाही.

सातरस्ता (सोलापूर), गुरुवार, रात्री ११:००

तिनं काल मैत्रिणीच्या फोनवरून संस्थेला फोन लावला. तिथल्या बाई हिंदीत बोलल्या, जवळजवळ तासभर. सोमवारी वकिलाची वेळ मिळालीय. ताईनं वहीत लिहायला घेतलंय. दाजी अजून म्हणतात, नातीला तरी पाठवून दे, आम्ही सांभाळतो. तसं करता येईल का? आणि सोमवारी तिनं काय न्यावं?

काळा_कोट (सोलापूर), गुरुवार, रात्री ११:४०

दाजींची माया कळते, पण बापाच्या संमतीवाचून किंवा कोर्टाच्या आदेशावाचून मुलीला भारतात आणू नका. मूल बेकायदा देशाबाहेर नेणं हा अमेरिकेत १९९३ पासून संघराज्याचा गुन्हा आहे. परदेशी नेलेली मुलं परत पाठवायच्या हेग करारात भारत नाही म्हणून तिथली कोर्टं आधीच संशयानं बघतात. मुलीच्या ताब्याचा अर्ज तिकडच्याच कोर्टात, मुलगी राहते त्या राज्यात करायचा. नवऱ्याला लांब ठेवणाऱ्या कोर्टाच्या संरक्षण आदेशाबरोबर तात्पुरता ताबाही मागता येतो. आईचा व्हिसा कुठला, यावर ताबा ठरत नाही, मुलीचं हित कशात यावर ठरतो. त्याची ती दुसरी धमकीही पोकळच आहे.

पल्याडची (न्यू जर्सी), शुक्रवार, सकाळी ६:१५

वकीलसाहेबांशी सहमत. मुलगी १६ च्या आतली आहे, तिचा अमेरिकन पासपोर्ट काढायला दोघांची संमती लागते. बापानं परस्पर अर्ज केला तर आईला कळावं यासाठी परराष्ट्र खात्याची सूचना-योजना आहे, तिथं तिनं मुलीचं नाव नोंदवून ठेवावं.

सोमवारी: कागदांचे फोटो, तिच्या आय-९४ ची तारीख, मुलीचा जन्मदाखला, एक पानभर घटनाक्रम, आणि यादी करून प्रश्न. यू साठी पोलिसांची नोंद आहे का, आय-७६५व्ही कधी टाकायचा, तिला शिकायचं असेल तर एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर बदलता येईल का आणि तो अर्ज घटस्फोटाआधी जायला हवा का, हे तीन नक्की. अर्ज फेटाळला आणि तेव्हा तिचं स्टेटस नसलं तर हद्दपारीच्या कोर्टाची नोटीस निघू शकते, त्यामुळे प्रत्येक अर्जाच्या आधी "नाही म्हणाले तर काय" हे विचारायचंच. फी किती, लेखी करार मिळेल का, हेही.

आणि ताईंना फोनवर घ्यायचं असेल तर आधी वकिलाला विचारा. तिसरं माणूस बोलण्यात आलं की वकील-अशिलाच्या गोपनीयतेला बाध येऊ शकतो. ताईंनी भेट झाल्यावर फोन करावा.